पाझर पाइप: रिमोल्डिंगचा चुरा आणि जुन्या ठिबकच्या नळ्यांपासून गावातच

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडकडच्या संत्रा बगीच्यांच्या धुऱ्यावर काळ्या नळ्यांची भेंडोळी पडलेली दिसतात. काही खारींनी कुरतडलेल्या, काही क्षारांनी बुजलेल्या, काही उन्हानं कडक झालेल्या. भंगारवाला त्या किलोच्या भावानं नेतो, नाहीतर कुणीतरी काडी लावतो आणि काळा धूर गावभर पसरतो. तिकडे चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात ट्रकची वर्दळ मोठी, त्यामुळे टायर रिमोल्ड करणारी दुकानंही बरीच. जुना टायर घासताना निघालेल्या रबराच्या चुऱ्याची पोती दुकानामागे साचतात. या दोन टाकाऊ गोष्टी एकत्र तापवून त्यांची नळी काढली, तर तिला भोकं पाडावी लागत नाहीत आणि ड्रीपरही लागत नाहीत. तिच्या भिंतीतूनच सबंध लांबीभर पाणी पाझरतं.

हे काम एकट्या शेतकऱ्याच्या घरी होणारं नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट किंवा चार-पाच बगीचेवाले एकत्र आले, तर मात्र नक्की होतं. यंत्र विकत घेण्याचीही घाई नको. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या एमआयडीसीत काळा पाइप काढणारे छोटे कारखाने आहेत. माल तुम्ही तयार करून न्यायचा आणि पाइप जॉबवर्कवर काढून घ्यायचा, ही सुरुवात मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. पाइप चांगला होणार की वाईट, हे निम्म्याहून जास्त यंत्राच्या आधीच ठरतं: चुरा किती बारीक, किती सारखा आणि किती वाळलेला आहे यावर. ते काम गावात, आपल्या अंगणात होतं.

पाणी पाझरतं कसं

टायरचं रबर गंधक घालून पक्कं केलेलं असतं. ते पुन्हा वितळत नाही, फक्त तापून मऊ पडतं. ठिबकच्या नळीतलं पॉलिथिन मात्र साधारण ११० ते १२५ अंश सेल्सिअसला वितळतं. दोन्ही एकत्र तापवून दाबलं की वितळलेलं प्लास्टिक रबराच्या कणांना जागोजागी चिकटवतं, पण कणांमधल्या सगळ्या फटी भरून काढत नाही. त्यात रबरातल्या थोड्याशा ओलाव्याची वाफ होते. साच्याच्या तोंडाशी दाब सुटला की ती फुगते आणि भिंतीतून बाहेर वाट काढते. या फटी आणि वाफेच्या वाटा एकमेकींना जोडल्या गेल्या की भिंत पाझरू लागते. अमेरिकेत जेम्स टर्नर यांनी १९७० च्या दशकात अशा पाइपाची पेटंटं घेतली. आजही हा पाइप याच तत्त्वावर निघतो.

म्हणजे आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: कणाचा आकार, प्लास्टिकचं प्रमाण आणि ओलावा. पुढची सगळी मेहनत या तिघांना ताब्यात ठेवण्यासाठी आहे.

आधी ठरवा: कुठे लावायचा, कुठे नाही

संत्रा-लिंबू-मोसंबीच्या बागा, रोपवाटिका, फुलझाडं, शेडनेटमधल्या कुंड्यांच्या रांगा, धुऱ्यावरचे साग-बांबू यांना हा पाइप शोभतो. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) सलग वावराला नाही. ४ फुटांच्या ओळींना एकरी जवळपास ३,३०० मीटर पाइप लागतो. तेवढ्या वजनाचा माल गोळा करणं परवडत नाही, आणि इतक्या लांबीवर पाणी सारखंही पडत नाही. तिथे नेहमीचं ठिबकच बरं.

पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) अशा पालेभाज्यांना आणि पिण्याच्या पाण्याच्या लाइनला हा पाइप वापरू नका, असं मी स्पष्ट सांगेन. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं, टायर लवकर जुना होऊ नये म्हणून घातलेली रसायनंही असतात, आणि त्यातला थोडा अंश पाण्यात उतरतो. अशाच एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ अमेरिकेतल्या कोहो सालमन माशांना मारक ठरतो, हे संशोधन २०२० मध्ये पुढे आलं. म्हणून ज्या शेततळ्यात मासे सोडलेत, तिथे या पाइपाचं धुतलेलं पाणी किंवा निचरा जाऊ देऊ नका.

अनुदानाचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. ठिबकचं अनुदान बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानांकन असलेल्या साहित्याला मिळतं. गावात बनवलेला पाझर पाइप त्यात बसत नाही.

माल: काय घ्यायचं

रबरासाठी रिमोल्डिंगच्या दुकानातला बफिंगचा, म्हणजे जुना टायर घासून निघालेला, चुरा सगळ्यात चांगला. तो टायरच्या वरच्या थरातून घासलेला असतो, त्यामुळे त्यात तार आणि धागा जवळपास नसतो. अख्खा टायर गावात दळायचं मनात आणू नका. कडेच्या पोलादी तारा, आतली जाळी आणि नायलॉनचे धागे वेगळे करायला मोठी यंत्रं लागतात. शिवाय जुलै २०२२ च्या केंद्राच्या नियमांनुसार टायरचा पुनर्वापर करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे. बफिंगचा चुरा कमी पडला तर टायर दळणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडून तयार चुरा घ्या. स्वतःचं यंत्र बसवायचं ठरलं, तर त्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात संमतीपत्राची चौकशी करा आणि जिल्हा उद्योग केंद्रातही जाऊन या.

प्लास्टिकसाठी जुन्या ठिबकच्या लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या नळ्या, उत्तम. त्या एलएलडीपीई या पॉलिथिनच्या जातीच्या असतात आणि त्यात उन्हापासून वाचवणारा कार्बन ब्लॅक आधीच घातलेला असतो. फक्त ड्रीपर, जोडण्या, टोप्या काढून टाका, कारण ते भाग वेगळ्या प्लास्टिकचे असू शकतात. इनलाइन नळीत ड्रीपर आतच चिकटलेला असतो आणि तो सोडवत बसणं परवडत नाही. म्हणून साधी, बाहेरून ड्रीपर टोचलेली नळी वेगळी काढा आणि तीच वापरा. हाताला कडक लागणारी, वाकवली की चिरणारी नळी बाजूला टाका. उन्हानं तिचं प्लास्टिक मेलेलं असतं आणि ते रबराला धरून ठेवत नाही. मल्चिंग पेपर घेऊ नका. तो इतका पातळ असतो की धुऊनही माती सुटत नाही.

पीव्हीसीचा एक तुकडाही या मालात जाता कामा नये. पॉलिथिनचा पाइप काढायच्या तापमानाला पीव्हीसी बिघडू लागतं, हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं, माणसाच्या छातीला त्रास होतो आणि यंत्राचा स्क्रू गंजतो. ओळखायला सोपं आहे. धुतलेले तुकडे पाण्यात टाका: पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. शंका राहिली तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते पीव्हीसी. पॉलिथिन जळताना मेणबत्तीसारखा वास येतो. ही चाचणी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करायची.

नवीन प्लास्टिक विकत घ्यायचं झालं, तर पाण्याच्या टाक्या बनवणारे कारखाने वापरतात ती एलएलडीपीईची पावडर मागा. तिचा कण रबराच्या चुऱ्याच्या जवळपास असतो, म्हणून दोन्ही एकजीव मिसळतात. सुरुवातीच्या घाण्यांना मी हीच पावडर सुचवेन. हात बसला की जुन्या नळ्यांचं प्रमाण वाढवा.

धुणं आणि कापणं

नळ्या फूट-दीड फुटाचे तुकडे करून आधी साध्या पाण्यात भिजवा आणि आतून पाण्याचा झोत मारा. आत पांढरा थर असेल तर पातळ आम्लाच्या पाण्यात रात्रभर ठेवून पुन्हा धुवा. मग भंगार प्लास्टिकच्या ग्राइंडरमध्ये ३-४ मिलिमीटरची चुरी करून घ्या. बहुतेक प्लास्टिक कारखान्यांत ग्राइंडर असतोच. चुरी पुन्हा एकदा पाण्यात ढवळा. तळाशी बसेल ती माती, वर तरंगेल तो आपला माल.

चाळणं आणि वाळवणं

रबराचा चुरा आधी पातळ पसरून त्यावरून जोरकस चुंबक फिरवा. लाउडस्पीकरमधलं जुनं चुंबकही चालतं. तारेचा एक बारीक तुकडा पाइपाच्या भिंतीत अडकला तर तिथून पाण्याची चिळकांडी उडते.

मग दोन जाळ्या घ्या, ३० मेशची (इंचाला ३० भोकं) आणि ८० मेशची. ३० मेशमधून साधारण ०.६ मिलिमीटरपर्यंतचा कण खाली पडतो. वर राहिलेला जाडा चुरा बाजूला काढा. ८० मेशमधून खाली पडणारी भुकटीही नको, कारण ती फटी बुजवते. मधला माल आपला. लांबट, सुतासारखे कण बफिंगमध्ये बरेच असतात. ते जाळीवर आडवे राहतात आणि हात फिरवला की उभे होऊन खाली पडतात. म्हणून चाळणी हलवा, पण हातानं घासू नका. चाळताना नाकातोंडावर साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क लावा.

आता ओलावा. याच पायरीवर घाई होते आणि याच पायरीवर पाइप बिघडतो. ओलावा जास्त असेल तर साच्याच्या तोंडाशी भिंत फाटते आणि मोठमोठी छिद्रं पडतात. अगदीच कमी असेल तर पाइप गुळगुळीत, सुंदर निघतो आणि पाझरतच नाही. आपल्याकडे ही अडचण दुप्पट आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात ताडपत्रीवर टाकलेला चुरा दिवसभरात खडखडीत होतो. तोच चुरा जुलैत उघड्या पोत्यात ठेवला तर हवेतला दमटपणा ओढून घेतो. एकाच पोत्यातला माल दोन महिन्यांत दोन तऱ्हांनी वागतो आणि दोष मात्र यंत्रचालकावर जातो.

म्हणून मोजायचं. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ माल काढून एकत्र करा आणि त्यातला १०० ग्रॅम स्टीलच्या ताटात पसरा. १०५ अंशांवर ठेवता येईल अशा विजेच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या तासानं वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. १०० ग्रॅमचे ९९.२ झाले, तर ओलावा ०.८ टक्के. हा ओव्हन नंतर स्वयंपाकाला वापरायचा नाही.

सुरुवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास करा. योग्य आकडा यंत्रागणिक, साच्यागणिक थोडा इकडेतिकडे सरकतो. तो पहिल्या घाण्यांत सापडतो आणि एकदा सापडला की वहीत लिहून तोच कायम धरायचा. चुरा वाळवताना थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि दिवसातून तीन-चारदा दाताळ्यानं उलटा. रबराचा मोठा, गरम ढीग तसाच ठेवू नका. तो आतून तापत जाऊन धुमसू शकतो, आणि रबराची आग पाण्यानं सहज विझत नाही. जवळ वाळूच्या बादल्या ठेवा. बिडी-सिगारेट पिणाऱ्याला अंगणात येऊ देऊ नका.

संध्याकाळी ऊन उतरण्याआधी माल प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यात भरून तोंड घट्ट बांधा. माल जास्तच वाळला असेल तर मोजून पाणी परत देता येतं. १० किलो चुऱ्याला ५० मिलिलिटर म्हणजे अर्धा टक्का. फवाऱ्यानं शिंपडून चांगलं घोळायचं आणि पोतं बांधून रात्रभर ठेवायचं, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा मुरतो. प्लास्टिक मात्र पूर्ण कोरडंच हवं.

मिश्रण

पहिला घाणा वजनानं ६५ भाग रबर आणि ३५ भाग प्लास्टिक असा धरा. हात बसल्यावर ७०-३० पर्यंत जा. रबर वाढलं की पाझर वाढतो आणि भिंतीची ताकद कमी होते. ८० च्या पुढे गेलात तर जोडणीपाशी पाइप फाटू लागतो.

जुन्या नळ्यांची चुरी रबरापेक्षा जाड असल्यानं हॉपरमध्ये, म्हणजे यंत्रात माल टाकायच्या नरसाळ्यात, दोन्ही वेगळी होतात, बारीक खाली जातं आणि जाड वर राहतं. तेव्हा हॉपर काठोकाठ भरू नका. थोडा-थोडा, ताजा मिसळलेला माल टाकत राहा. माल मोजूनच मिसळा, घमेल्याच्या अंदाजानं नाही.

काही जण कढईत टायर आणि प्लास्टिक उघड्या आगीवर वितळवून हातानं नळी ओतायचं म्हणतात. तसं करू नका. त्या धुरात विषारी वायू असतात, आणि वितळलेला गोळा हाताला चिकटला तर कातडीसकट निघतो.

यंत्रावर

पाइप काढायचं यंत्र, एक्स्ट्रूडर, म्हणजे तापवलेला मोठा सोऱ्याच, फक्त दाबणारा स्क्रू सतत फिरत असतो. साधा एकेरी स्क्रू पुरतो. जॉबवर्क करून देणाऱ्या कारखानदाराशी या गोष्टी आधी बोलून घ्या.

स्क्रूच्या पुढची बारीक जाळी काढून ठेवावी लागते, कारण रबराचा कण वितळत नाही आणि ती जाळी काही मिनिटांत तुंबते. जाड छिद्रांची तबकडी तेवढी राहू द्या. माल नंतर गाळला जाणार नसतो, म्हणून आधीचं चाळणं आणि चुंबक इतकं महत्त्वाचं. साच्यातल्या मधल्या दांड्यातून हवा जायला छिद्र हवं. हलकी हवा सोडली नाही तर मऊ, गरम नळी आतून चपटी होते. नेहमीचा काळा पाइप बाहेरून हवा खेचून गोल ठेवतात. ती पद्धत इथे चालत नाही, कारण भिंतच सच्छिद्र असते.

तापमान मागच्या भागात १२० ते १३०, मध्ये १५० ते १६०, आणि साच्यापाशी १६० ते १७० अंश ठेवा. २०० च्या वर कधीही नाही. तिथे रबर स्वतःच बिघडू लागतं आणि गंधकाचा वास डोळ्यांत झोंबतो. साच्याच्या वर धूर ओढणारा पंखा हवाच, आणि शेडची दारं उघडी.

हीटर चालू केल्यावर पाऊण ते एक तास स्क्रू फिरवायचा नाही. आतला माल पूर्ण मऊ न होता स्क्रू फिरवला तर दाब वाढतो आणि साचा गोळीसारखा सुटू शकतो. म्हणून सुरू करताना साच्यासमोर कोणीही उभं राहायचं नाही. विदर्भात वीज मध्येच जाते, ही गोष्ट धरून चाला. वीज परत आल्यावर लगेच मोटर चालू करायची नाही. पुन्हा तेवढाच वेळ हीटर चालवून मगच.

पहिल्यांदा शुद्ध पॉलिथिन चालवा. नळी गोल आणि सरळ येऊ लागली की रबर वाढवत न्या: आधी २० टक्के, मग ४०, मग ६०, मग ठरलेलं प्रमाण. दर टप्प्यावर नळी स्थिर होऊ द्या. चुरा हॉपरमध्ये कमान धरतो आणि खाली उतरत नाही. हॉपरला ढवळणारं पातं बसवून घ्या. हात किंवा सळई आत घालायची नाही, कितीही अडलं तरी. काम संपलं की शुद्ध पॉलिथिननं बॅरल (स्क्रू फिरतो ती नळकांडी) धुऊन काढा, नाहीतर आत राहिलेलं रबर कडक कोळसा होऊन बसतं.

साच्यातून निघालेली नळी थोड्या मोकळ्या हवेतून जाऊन मग पाण्याच्या हौदात उतरली पाहिजे. पाणी अगदी तोंडाशी आणलं तर वरची कातडी लगेच आवळते आणि पाझर कमी होतो. ओढणाऱ्या चाकांचा वेग एकदा बसला की त्याला हात लावू नका. वेग बदलला की भिंतीची जाडी बदलते, आणि पाणी पातळ भिंतीकडे धावतं.

आकाराबद्दल माझा आग्रह आहे: आतला व्यास १३ मिलिमीटर, बाहेरचा २०. गावच्या कृषी केंद्रात मिळणाऱ्या १६ मिलिमीटर ठिबकच्या जोडण्या यात घट्ट बसतात, वर एक क्लॅम्प लावला की काम झालं. अशा पाइपाचं वजन मीटरला १६० ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे किलोत ६ मीटर.

बिघाड ओळखायच्या खुणा लक्षात ठेवा. नळी गुळगुळीत आहे पण पाझरत नाही, तर चुरा जास्त वाळलाय किंवा प्लास्टिक जास्त झालंय. वर फोड येतायत, भिंत फाटतेय, तर ओलावा जास्त आहे. एका बाजूनं पाझरते, दुसऱ्या बाजूनं नाही, तर साच्यातला मधला दांडा एका बाजूला सरकलाय. वाकवल्यावर भुगा पडतो, तर प्लास्टिक कमी आहे, जुनं-मेलेलं आहे किंवा तापमान कमी पडलंय. निळसर धूर दिसला तर लगेच तापमान उतरवा.

वावरात नेण्याआधीची चाचणी

ही चाचणी केल्याशिवाय एक मीटरही पाइप वावरात नेऊ नका. ३ मीटर उंच मचाणावर टाकी ठेवा. त्यानं सुमारे ०.३ किलो दाब मिळतो आणि आपल्याला तेवढाच हवा. त्या दिवशीच्या घाण्यातला १० मीटरचा तुकडा जमिनीपासून थोडा वर, सरळ पातळीत टांगा आणि दर मीटरखाली एक पसरट भांडं ठेवा. अर्धा तास पाणी नुसतं वाहू द्या. भिंत नीट भिजल्यानंतरच पाझर खरा कळतो. मग १५ मिनिटं मोजून प्रत्येक भांड्यातलं पाणी मापात ओता आणि आकडे लिहा.

१० भांड्यांची सरासरी काढा. मग सगळ्यात कमी पाणी असलेल्या एक चतुर्थांश भांड्यांची, म्हणजे इथे दोन-तीन भांड्यांची, सरासरी काढा. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागून १०० नं गुणा. ८० च्या वर आलं तर पाइप चांगला. ७० च्या खाली आलं तर तो घाणा बागेला नको, धुऱ्यावरच्या झाडांना वापरा.

आता पाझर किती हवा ते पाहू. आपली भारी काळी माती पाणी हळू पिते. जिथे ती चांगली मुरलेली असते, तिथे तासाला काही मिलिमीटरच. मीटरला ताशी ३ लिटर सुटलं आणि ते ६० सेंटिमीटर रुंदीत पसरलं, तर ताशी ५ मिलिमीटर होतं. त्यापेक्षा जास्त सुटलं की वर साचून वाहतं. म्हणून काळ्या मातीसाठी मीटरला ताशी २ ते ३ लिटर हे लक्ष्य धरा. मुरमाड, हलक्या जमिनीत थोडं जास्त चालेल. पहिल्या काही दिवसांत पाझर उतरतो, हेही गणितात धरा, आणि पाइप आठवडाभर वापरल्यावर तीच चाचणी पुन्हा करा.

संत्र्याच्या बागेत मांडणी

संत्र्याची तंतुमुळं वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये आणि झाडाच्या घेराच्या कडेकडे जास्त असतात. खोडाला पाणी लागलं की डिंक्या रोग येतो. म्हणून तर दुहेरी आळ्याची (आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात) शिफारस करतात. पाझर पाइप इथे मनासारखा बसतो. घेराच्या थोडं आत ३ मीटर व्यासाचं एक कडं करा. त्याला साडेनऊ मीटरच्या आसपास पाइप लागतो. दोन्ही टोकं एका टी-जोडणीत घालून साध्या १६ मिलिमीटरच्या नळीला जोडा. पाणी दोन्ही बाजूंनी शिरलं की कड्यात सारखं पडतं. झाडाझाडांच्या मध्ये साधी नळीच ठेवा, पाझर पाइप तिथे वाया जातो.

६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत एकरी ११२ झाडं बसतात. म्हणजे सुमारे १,०५० मीटर पाइप, १७० किलो माल. त्यात रबर १२० किलो, प्लास्टिक ५० किलो. वाया जाणारं धरून दहा टक्के वर घ्या. यंत्रातून ताशी २० किलो निघालं तर दीड दिवसाचं काम. एक किलो पाइपात जाणाऱ्या चुऱ्याचा आणि प्लास्टिकचा खर्च, धुणं-चाळण्याची मजुरी आणि जॉबवर्कचा किलोचा दर मांडून ६ नं भागलं की मीटरचा खर्च हातात येतो. तो नव्या इनलाइन नळीच्या मीटरच्या भावाशी ताडून पाहा आणि मगच पुढे जा.

मीटरला ताशी अडीच लिटर धरलं तर एका कड्यातून ताशी साडेतेवीस लिटर सुटतात. झाडाला १०० लिटर द्यायचे असतील तर सव्वाचार तास लागतात. सगळी झाडं एकदम चालवली तर ताशी २,६०० लिटरपेक्षा थोडं जास्त लागतं. विहिरीतून टाकीत तेवढी आवक नसेल तर बाग दोन पाळ्यांत वाटा.

मोटरपंप थेट जोडू नका. त्याच्या दाबानं पाइप फुगतो आणि भिंतीतून फवारे उडतात. पंपानं टाकी भरायची, टाकीनं बाग. टाकीचा दाब इतका कमी असतो की जमिनीचा एक मीटरचा उतारसुद्धा तिसरा हिस्सा दाब कमी-जास्त करतो. म्हणून पाइपाच्या रांगा उताराला आडव्या घ्या आणि वरच्या व खालच्या भागाला वेगळे कॉक द्या. रोपवाटिकेत सरळ ओळी घातल्या तर एक ओळ २० ते ३० मीटरपेक्षा लांब नको.

काळ्या मातीत पाइप खोल पुरणं धोक्याचं आहे. एप्रिल-मेमध्ये ताण दिलेल्या, म्हणजे पाणी तोडलेल्या, जमिनीला भेगा पडतात, माती पाइपाला ओढते आणि पाणी भेगेतून थेट खाली जातं. १० ते १५ सेंटिमीटरची चारी करा, तळाला बोटभर वाळू किंवा कुजलेलं शेणखत टाका, पाइप ठेवा आणि वरून मातीनं हलकं झाका. त्यावर सोयाबीनचं कुटार किंवा तणसाचा जाड थर द्या. पाइप जमिनीत असला की खारी आणि उंदरांचा त्रासही कमी होतो. डवरा किंवा रोटाव्हेटर चालवणाऱ्या माणसाला कड्यांची जागा दाखवून ठेवा आणि झाडाजवळ खुंट्या रोवा.

पाण्याची काळजी

ड्रीपर बुजला तर बदलता येतो, पाझर पाइपाची भिंत बुजली तर पाइपच गेला. म्हणून गाळणीवर काटकसर करू नका. कॅनॉल किंवा शेततळ्याचं पाणी असेल तर वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे १२० मेशची जाळी. विहिरीच्या स्वच्छ पाण्याला जाळीचा फिल्टर पुरतो, पण तो दर पाळीला धुतला पाहिजे. प्रत्येक मुख्य नळीच्या शेवटी उघडता येणारी टोपी ठेवा आणि महिन्यातून एकदा ती उघडून गाळ वाहू द्या.

जीवामृत, गोमूत्र, शेणस्लरी या पाइपातून सोडू नका, कितीही गाळून घेतलं तरी. ते आळ्यात हातानं द्या. पूर्ण विरघळणारी खतं चालतात, पण खत देऊन झाल्यावर किमान अर्धा तास साधं पाणी सोडा. पाणी जड असेल तर स्फुरदयुक्त खत पाइपातून नको. ते चुन्याबरोबर साका धरतं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या काठच्या गावांत, विहिरीच्या पाण्यावर हा पाइप लावायचा माझा सल्ला नाही. तिथलं खारं पाणी भिंतीतून झिरपताना वाळतं आणि क्षार छिद्रातच बसतात. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. इतर ठिकाणी पाझर उतरू लागला तर आम्लप्रक्रिया करा. पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास येईल इतकं आम्ल घाला, पाणी पाइपात भरा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी टोप्या उघडून भरपूर पाण्यानं धुवा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर दिवस वेगळा ठेवा, कारण आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचिंगही हलक्या हातानं वापरा, क्लोरीन रबराला खातो.

आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत ताण देता, तेव्हा पाइप महिना-दीड महिना कोरडा पडतो आणि आत राहिलेल्या पाण्यातले क्षार भिंतीत वाळतात. ताणाला बसण्याआधीच्या शेवटच्या पाळीला आम्लप्रक्रिया करून सगळ्या टोप्या उघडा आणि पाइप रिकामा होऊ द्या. ताण तोडताना पहिलं पाणी टोप्या उघड्या ठेवूनच सोडा. स्वच्छ पाणी दिसलं की टोप्या लावा. मग कड्याकड्याशी जाऊन बोटानं माती उकरून पाहा: ओल सगळीकडे सारखी आहे का. जिथे कोरडं राहिलंय तेवढाच तुकडा कापून नवा जोडा, अख्खं कडं काढायची गरज नसते.